जोड

"ह्यो धाकटा काय येडाय व्हय?" आईनं विचारलं.

मी वाचायचा थांबलो. कादंबरीचं पहिलं प्रकरण महिनाभर खपून लिहिलं होतं आणि ते ऐकायला घरात तिच्याशिवाय कुणाला सवड नव्हती. ती गॅलरीत बसून लसूण सोलत होती. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, पण कान अजून तिखट आहेत.

"येडा कशानं?"

"मग उगंच भांडतोय कशापायी? थोरला बिचारा गप बसलाय, ह्यो आपला कोर बांध, कोर बांध. कायतरी कारण असंल की त्याला."

मी म्हटलं, "त्याचा स्वभावच तसा दाखवलाय."

तिनं सोललेली पाकळी फुंकर मारून ताटलीत टाकली. "सोभाव म्हंजे काय कारण व्हय?" म्हणाली आणि ताटली उचलून फोडणीला गेली.

त्या रात्री मी आराखड्याची वही काढून बसलो. आराखडा करताना माणूस फार शहाणा असतो. मी पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडं पात्रं, उजवीकडं संघर्ष. तिसऱ्या प्रकरणात बांध. पाचव्यात विहिरीवरची मोटर. सातव्यात हद्द कायम करायची मोजणी, नवव्यात अंगावर धावून जाणं, अकराव्यात कोर्ट. सगळं चढत्या भाजणीनं नीट बसवलेलं. थोरला भाऊ मास्तर, सरळ, सोसणारा. धाकटा रानात राहिलेला, आडदांड, दर नांगरटीला बांधाची एक तास खाणारा. वहीत सगळं होतं, फक्त एक रकाना नव्हता. धाकट्याला काय हवंय, तो. थोरल्याला काय हवंय हे लिहून ठेवायची मला गरजच वाटली नव्हती, ते मला आतून ठाऊक होतं. आतून का ठाऊक होतं, हे उमगायला पुढं बरेच दिवस गेले.

आधी मी त्या शब्दाशीच अडलो. संघर्ष हा शब्द मोर्च्यात शोभतो, एखाद्या कृती समितीच्या फलकावर शोभतो. घरात कुणी संघर्ष करत नाही. घरात कुरबुर असते, धुसफूस असते, रुसवा असतो. जावाजावांत उणीदुणी निघतात. शेजाऱ्याशी तंटा होतो, तो कोर्टाची पायरी चढला की त्याचा कज्जा होतो. भावाभावांत जे होतं त्याला तर आपण स्वतंत्र नाव ठेवलंय, भाऊबंदकी. यातल्या प्रत्येक शब्दाचा आवाज वेगळा. कुरबुर दाराआड चालते, तंट्याला चार माणसं बघायला लागतात, वैराला पिढ्या लागतात. माझ्या वहीत या सगळ्यावर एकच चिठ्ठी डकवलेली होती. म्हणूनच माझी माणसं पाचव्या प्रकरणात जशी ओरडत होती तशीच अकराव्यातही ओरडत होती.

आमच्या घरात होता तो अबोला.

गाव भोगावतीकाठचं. आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात शाळामास्तर. तात्या, त्यांचे धाकटे भाऊ, गावी रानात. वाटणी झाली तेव्हा मी चारेक वर्षांचा असेन. मला कळायला लागल्यापासून ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सुट्टीत आम्ही गावी गेलो की त्यांच्यातला टपाली मी. दोघं बांधाच्या दोन अंगांना उभे, मध्ये चार पावलांचं अंतर. आबा मला म्हणायचे, "तुझ्या काकाला सांग, पाणी आमच्या सरीत शिरायला लागलंय." मी तोंड वळवायच्या आत तात्या म्हणायचे, "तुझ्या बाला सांग, पाण्याला वाटणीपत्र वाचता येत न्हाई." मला काहीच पोचवावं लागत नसे, पण मी मध्ये उभा असणं भाग होतं. एकदा ऊन लागतंय म्हणून मी आंब्याच्या सावलीला गेलो, तर मी परत येईपर्यंत दोघं तसेच गप्प उभे होते.

अबोला थोरांचा होता. पोरांना दोन्ही चुलींवरची भाकरी चालायची. त्यामुळं जत्रेतल्या कुस्त्यांना मला खांद्यावर घेऊन जायचे ते तात्याच. तरुणपणी ते गावच्या तालमीत घुमलेले, नाव काही फार झालं नाही, पण मैदानात त्यांना मान होता. दुपारी पहिल्या कुस्त्या पोरांच्या, रेवड्यांवरच्या. हलगी कडाडत असायची, लंगोट लावलेली पोरं मातीच्या कडेला उकिडवी बसलेली. तात्या एकेकाला उठवायचे, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं करायचे आणि दोन पावलं मागं सरून बघायचे. मान बघायचे, खुबा बघायचे, शेवटी डोळ्यांत बघायचे. मग जोड लागायची.

एकदा एक थोराड पोरगा आणि एक किरकोळ पोरगा समोरासमोर आले. तात्यांनी किरकोळ पोराला दंडाला धरून बाजूला काढलं.

"लावा की तात्या, मज्जा येईल," मागून कुणीतरी म्हणालं.

"मज्जा कसली? लागायच्या आदीच झाली की ही कुस्ती."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि पुढं चाळीस वर्षं विसरलो. माझं पहिलं प्रकरण म्हणजे नेमकी अशी, लागायच्या आधीच झालेली कुस्ती होती. आईला ते लसूण सोलता सोलता कळलं.

आम्हा कोल्हापूरकरांना भांडणाचं वावडं नाही. उलट आमच्याकडं एक शब्द आहे, ईर्ष्या. कोशात त्याचा अर्थ मत्सर असा सापडेल. आमच्या पेठांमध्ये तो जवळजवळ गुणाचा शब्द आहे. "पोरात ईर्ष्या हाय" म्हणजे पोरगा जिगरबाज आहे, मागं हटणारा नाही. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ शाहू स्टेडियमवर फुटबॉलला समोरासमोर आल्या की ही ईर्ष्या बघावी. पण ईर्ष्येला एक अट आहे. ती तोडीच्या माणसाशीच होते. लिंबूटिंबूशी कुणी ईर्ष्या करत नाही. त्याच्यावर दया करतात, नाहीतर त्याला विसरतात.

राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले होते. त्या प्रवासात रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि खासबागेच्या मैदानाची कल्पना तिथं सुचली, असं सांगतात. 1912 मध्ये मैदान उभं राहिलं. मध्ये लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेल्या बैठका, कुठंही बसा, हौद्यातलं सगळं दिसतं. त्याला लागूनच त्याच काळात नाटकासाठी पॅलेस थिएटर बांधलं गेलं. त्याचंच पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. भिंतीच्या एका अंगाला मातीतली कुस्ती, दुसऱ्या अंगाला फळ्यांवरची. ज्यानं ही दोन मैदानं शेजारी शेजारी घातली, त्याला नाटक कशावर चालतं हे बरोबर कळलं होतं असं मला नेहमी वाटतं.

ज्या केशवरावांचं नाव त्या नाट्यगृहाला आहे, त्यांनाही मोठी जोड मिळाली होती, बालगंधर्वांची. एकाची ललितकलादर्श, दुसऱ्याची गंधर्व नाटक मंडळी. रसिकांत दोन तट, दोन्हीकडं अभिमान टोकाचे. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोघं एकाच 'मानापमाना'त उभे राहिले, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. म्हणजे बाहेर जे प्रतिस्पर्धी, ते आत प्रियकर आणि प्रेयसी. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव गेले, वय जेमतेम 31. शंभर वर्षं झाली तरी त्या रात्रीची गोष्ट अजून सांगितली जाते. त्या दोघांतला कुणीही एक अंगुळभर कमी असता तर ती कुणी सांगितली नसती. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्या नाट्यगृहाला आग लागली. बातमी ऐकून धावलेल्यांत मी होतो. गर्दीत माझ्या शेजारी एक म्हातारे पैलवान उभे होते, कान चुरगळलेले, टोपी हातात. ते रडत होते. नाटकं बघायला ते कितपत गेले असतील कुणास ठाऊक, पण शेजाऱ्याचं घर जळत होतं.

कुस्तीत सगळ्यात वाईट शिवी नुरा ही. दोघांनी आधीच ठरवून, प्रेक्षकांना फसवायला केलेली लढत म्हणजे नुरा कुस्ती. मैदानातला अडाण्यातला अडाणी माणूससुद्धा ती दोन मिनिटांत ओळखतो. डाव टाकलेला दिसतो, पण मातीत पाय रुतलेला दिसत नाही. कादंबरीतला नुरासुद्धा वाचक असाच ओळखतो. चिठ्ठी चुकीच्या हातात पडते, भलत्याच वेळी कुणीतरी दार उघडतं, गैरसमज दोनशे पानं टिकतो. लेखकानं दोन्ही पैलवानांच्या कानात सांगून ठेवलेलं असतं, शेवटी कोण पडायचं ते.

कादंबरी लिहिणाऱ्यानं आधी बेत करावा की नाही, याचीही या गावात जुनी जोड लागलेली आहे. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांचं 'प्रतिभासाधन' 1931 सालचं. लेखन ही नुसती स्फूर्ती नाही, त्याला तंत्र आहे आणि ते शिकता येतं, असं ठणकावून सांगणारा हा माणूस. 1938 मध्ये शिरोड्याची शाळा सोडून वि. स. खांडेकर कोल्हापुरात आले, सिनेमासाठी लिहायला. मग पुढची दहाएक वर्षं हे दोघं एकाच गावात, एकाच पावसात. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद या दोन नावांना कायमचा चिकटला. 1940 च्या रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके, लगेच पुढच्या वर्षी सोलापूरला खांडेकर. जणू पंचांनीच एकापाठोपाठ एक हात वर केले. या वादात कोण जिंकलं असं विचारलं तर आजही उत्तर देता येत नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. मराठी वाचकाच्या दोन पिढ्या मात्र त्या कुस्तीवर पोसल्या.

मी स्वतः वहीत रेघा मारणारा, म्हणजे तंत्रवाल्यांच्या गोटातला. मराठी कथातंत्राच्या गप्पांत गुंतागुंत, निरगाठ, उकल हे शब्द आपण शाळेपासून ऐकत आलो. निरगाठीचा खरा अर्थ मला गोठ्यात कळला. तात्या गाईचं दावं खुंट्याला सुरगाठीनं बांधायचे. दिसायला गाठ भक्कम, पण टोक ओढलं की एका हिसक्यात मोकळी. गाय गाभण असली, रात्री वादळाचं भ्या असलं, तर निरगाठ. ती सुटत नाही, ओढावं तितकी आवळत जाते. मग मी माझा आराखडा या कसोटीला लावला. सातव्या प्रकरणात भूमापक येतो, साखळी टाकतो, दगड रोवतो. मग? मग भांडण संपायला पाहिजे. बांधाचंच भांडण असेल तर दगड रोवल्यावर ते मिटायला हवं. म्हणजे मी गेले वर्षभर ज्याला निरगाठ समजत होतो ती सुरगाठ होती. खरी गाठ बांधावर नव्हतीच. कुठं होती, ते मला सांगता येत नव्हतं.

तेव्हा मी कपाटातून जुनी पुस्तकं काढली, आणि या गावात लिहिल्या गेलेल्या दोन मोठ्या कादंबऱ्या नव्यानं चाळल्या. 'ययाति' 1959 ची. तिच्यावर खांडेकरांना 1974 मध्ये मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ मिळालं. 'मृत्युंजय' 1967 ची. लिहिणारे शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे, इथं राजाराम हायस्कुलात मास्तर, वय 27. दोन्ही महाभारतातून उचललेल्या, दोन्ही पूर्वी वाचलेल्या. या खेपेला एक गोष्ट डोळ्यांत भरली. दोन्हींत बोलणारा 'मी' एकटा नाही. 'ययाति'त ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाच्या बरोबरीनं कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडानं बोलतात.

देवयानी आणि शर्मिष्ठा यांचं भांडण मूळ कथेत सुरू कशावरून होतं? आंघोळीला गेलेल्या मुलींची काठावरची वस्त्रं वाऱ्यानं एकत्र झाली आणि एकीनं चुकून दुसरीचं नेसलं. एवढंच. पाणवठ्यावर हे रोज घडत असेल. पण एक राजाची मुलगी, दुसरी राजाच्या गुरूची. कोण कुणामुळं मोठं, हा प्रश्न त्या दोन घरांत वर्षानुवर्षं न बोलता पडून होता. वस्त्रानं त्याला फक्त वाट करून दिली. नुसती शर्मिष्ठेची बाजू ऐकली तर देवयानी कजाग वाटते. देवयानीचं 'मी' सुरू झालं की आपण हळूहळू तिच्या बाजूला सरकतो आणि सरकताना स्वतःवरच चिडतो. कुंतीचंही तसंच. कर्णाचं ऐकून आपण तिच्यावर डोळे वटारून बसलेले असतो, तेवढ्यात ती स्वतः बोलायला लागते. पेटीत पोर घालून पाण्यात सोडणारी आई आतून दिसते. कर्णाचं दुःख त्यामुळं रतिभर कमी होत नाही. उलट आता ते कुणावर काढायचं हेच कळत नाही. निरगाठ ती हीच. दोन्ही टोकांना खरी माणसं आहेत, कुठूनही ओढा, ती आवळणार.

माझ्या वहीत 'मी' एकच होता, आणि तो थोरल्याच्या अंगणात उभा होता.

असं का झालं? याचं उत्तर मला 'झोंबी'नं दिलं. आनंद यादव इथून हाकेच्या अंतरावरच्या कागलचे. 1987 मध्ये आलेली ही त्यांची आत्मकथनात्मक कादंबरी, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली लढत. इथं ती बापलेकांत आहे. पोराला शाळा हवी, बापाला रानात राबणारे हात हवेत. वाचताना बापाचा संताप येतो, आणि संताप येता येताच त्याचं गणितही कळत जातं. खाणारी तोंडं वाढलेली, राबणारे हात कमी. मी हे पुस्तक कॉलेजात वाचलं तेव्हा त्या पोराच्या बाजूनं वाचलं होतं. आबाही तसेच शिकलेले, त्यामुळं मला ते आमच्याच घरचं वाटलं होतं. आता पन्नाशीत वाचताना एक साधी गोष्ट टोचली. शाळेला गेलेल्याच्या हातात लेखणी येते. तो झोंबी खेळतो, हरतो, जिंकतो, आणि मग लिहितो. रानात मागं राहिलेल्याच्या हातात खुरपं असतं. त्याची बाजू कागदावर येणार कुठून? आपल्याकडच्या किती भावांच्या भांडणाची कागदोपत्री एकच बाजू असेल!

यादवांच्या नंतर याच मातीतून आलेल्या कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला 2023 चा अकादमी पुरस्कार मिळाला. धरणानं उठवलेल्या गावचा एक माणूस मागं सोडून आलेल्या म्हशीसाठी परत जातो, आणि ती आता त्याची राहिलेली नसते, रानाची झालेली असते. वाचताना त्या म्हशीचंही म्हणणं आपल्याला ऐकू येत राहतं. मी पुस्तक मिटलं. मुक्या जनावराला जी बाजू मिळाली, ती मी सख्ख्या चुलत्याला दिली नव्हती.

आणि तात्यांची बाजू मला ठाऊक नव्हती असंही नाही. मी ती या कानांनी ऐकली होती, 2019 च्या महापुरानंतर.

त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती 55 च्याही वर गेली. पुण्या-बेंगळुरूचा हायवे कित्येक दिवस पाण्याखाली. रस्ता उघडल्यावर मी आबांना घेऊन गावी गेलो. नदीकाठच्या रानात ऊस आडवा होऊन कुजत होता, सगळीकडं चिकट गाळ, आणि बांध नाही. दोन रानं एक झाली होती. वाटणीतला दगडही कुठं गडप झालेला. तात्या आधीच तिथं उभे होते. दोघंही सत्तरीच्या आसपास, दोघांच्याही पायांत गुडघाभर चिखल.

आबांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्या काकाला सांग, दगड त्या शेवग्यापासून सात हातांवर होता."

मी तोंड वळवलं. पण तात्या माझ्याकडं बघतच नव्हते.

"त्याला काय सांगतोस? मला सांग की! शेवगा माझा हाय, मला ठावं न्हाई व्हय दगड कुठं हुता?"

चाळीस वर्षांनी हे पहिलं वाक्य. मध्ये बांध नव्हता, म्हणून मध्ये पोरगंही लागलं नाही. मग जे सुरू झालं ते तासभर चाललं. विहिरीचा खर्च निघाला, आजीच्या पाटल्या निघाल्या, कुणाच्या लग्नात कुणी किती पोती भात घातला ते निघालं. कोल्हापुरात छापील मराठी बोलणारे माझे मास्तर आबा त्या चिखलात उभं राहून गावच्या बोलीत भांडत होते, आणि मला ते कधी नव्हे इतके तरुण दिसत होते. शेवटी तात्यांचा आवाज खाली आला.

"तू शाळंला गेलास, तवा तुझ्या वाटणीची भांगलण कुणी केली, दादा? रान निम्मं निम्मं. मग भांगलण का निम्मी न्हाई झाली?"

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "मी मागितली व्हती व्हय शाळा? बानं घातलं. मला बी कुणी इचारलं न्हवतं."

दोघंही खरं बोलत होते. दगड कुठं होता ते त्या दिवशी ठरलंच नाही. पुढं मोजणी झाली, बांध पडला. पण त्या दिवसापासून दोघं बोलायला लागले, म्हणजे भांडायला लागले, फोनवरूनसुद्धा. आबा गेले त्याच्या आधीच्या रविवारचा त्यांचा शेवटचा फोनही उसाच्या बिलावरून होता आणि दोघांनीही तो रागानंच ठेवला होता. बारावं झाल्यावर तात्या मला म्हणाले होते, "आता भांडू कुणासंगं?"

एवढं सगळं ऐकूनसवरून मी तात्यांना कादंबरीत आडदांड करून टाकलं, कारण मी थोरल्याचा मुलगा आहे. आबा शिकले म्हणून मी शिकलो. माझ्या हातातल्या पेनाची शाई कुठून आली याचा हिशेब मांडत गेलं तर तो तात्यांच्या त्या भांगलणीपाशी पोचतो. त्यांना 'मी' म्हणू द्यायचं तर ते देणं कबूल करावं लागत होतं. त्यापेक्षा स्वभावाचा शिक्का मारणं सोपं. धाकटा स्वभावानंच वाईट, संपलं. लेखक ज्याला खलनायक म्हणतो तो बहुतेक वेळा उपाशी ठेवलेला पैलवान असतो. एकाला दूध, बदाम, तूप चारायचं, दुसऱ्याला कोरड्या भाकरीवर ठेवायचं आणि मग मैदानात दोघांना उतरवून म्हणायचं, बघा, आमचा कसा जिंकला.

मी गावी गेलो. तात्या आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. काठी टेकत रानात येतात. चहा झाल्यावर मी धीर करून विचारलं, "तात्या, त्या वेळी दरसाल बांध का कोरायचा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जसं कुस्तीआधी पोराकडं बघायचे तसं, मान, खुबा, डोळे. मग म्हणाले, "नांगर वळवायला जागा पुरत नव्हती."

"बस, एवढंच?"

"आनि काय असतंय? चल, पाणी कुठवर गेलंय बघून येऊ."

कादंबरीकाराला कारण लागतं, माणसाला नांगर वळवायला जागा लागते. चिखलातलं ते वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात एकदाच निघालं होतं, तेही चाळीस वर्षांनी, आणि तेही सगळं रान वाहून गेल्यावर. मी मात्र माझ्या पात्राला तिसऱ्याच प्रकरणात तोंड उघडायला लावणार होतो. परत आल्यावर मी वहीतली ती उभी रेघ खोडून टाकली. उजवीकडच्या रकान्यातलं सगळं तसंच राहिलं, बांध, मोटर, मोजणी, कोर्ट. फक्त आता ती भांडणं नव्हती, न बोललेल्या एका गोष्टीची निमित्तं होती. आणि पहिलं प्रकरण मी धाकट्याच्या तोंडून लिहिलं. 'मी' म्हणून. पहाटेचं दव, वाकलेली पाठ, हातात खुरपं, आणि रस्त्यानं दप्तर घेऊन निघालेला भाऊ. तो लांब जाईपर्यंत धाकटा बघत राहतो, मग खाली वाकतो आणि भावाच्या वाटणीची सरीही भांगलून टाकतो. कुणी सांगितलेलं नसतं. हे मला तात्यांनी कधी सांगितलं नाही. पण लिहिताना हात थांबला नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा आईसमोर बसलो. या खेपेला ती तांदूळ निवडत होती. मी वाचत गेलो. मधेच तिचा हात सुपात थांबला. प्रकरण संपलं तरी ती काही बोलली नाही. खडा सापडल्यासारखं करून उगीचच सूप चाळवत राहिली.

"बरं झालं," मग म्हणाली. "धाकटा उभा ऱ्हायला आता."

मला हायसं वाटलं. मी कागद गोळा करायला लागलो.

"पर थोरला?"

"थोरल्याचं काय?"

"ह्यो कोण देवमाणूस आनलायस तू? ना राग, ना लोभ, ना एक शबूद उलटून. मी चाळीस वर्सं संसार केलाय, असला न्हवता त्यो." तिनं सूप एकदा पाखडलं. "ह्याच्यासंगं कोण भांडंल रं?"

मी कागद परत पसरले आणि पेनाचं टोपण काढलं.